मनोविकारनिदानातील मेंदू-प्रतिमाचित्रण

कवटी न उघडता मेंदूची रचना वा कार्य प्रतिमारूपाने पाहण्याच्या तंत्रांचा मनोविकार ओळखण्याच्या कामी केला जाणारा उपयोग. संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एमआरआय) यांनी मुख्यत्वे रचना दिसते. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रण (पेट स्कॅन) व कार्यात्मक एमआरआय यांनी रक्तप्रवाह, ग्लुकोजचा वापर इ. कार्यविषयक बदल कळतात.

वॉल्टर डँडी यांनी 1919 मध्ये कण्याच्या पोकळीतून हवा सोडून क्ष-किरणांनी मेंदूतील विवरे पाहण्याची रीत वर्णिली. ती अतिशय क्लेशकारक होती. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या छेदचित्रण यंत्राने 1971 मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि 1976 मध्ये ईव्ह जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन छिन्नमानसाच्या रुग्णांत मेंदूची विवरे मोठी असल्याचे दाखविले. मनोविकारास शारीरिक आधार असतो, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र वारंवार गफलत होते. आढळलेला फरक दोन गटांच्या सरासरींतील आहे. अनेक रुग्णांची विवरे निरोगी माणसांएवढीच असतात, तर काही निरोगी माणसांची मोठी असतात. शिवाय वय, मद्यपान व औषधे यांचाही मेंदूच्या आकारमानावर परिणाम होतो. म्हणून एका व्यक्तीची प्रतिमा पाहून तीस छिन्नमानस किंवा अवसाद आहे, असे सांगता येत नाही. रंगीत प्रतिमांवरून तसे निदान करून देण्याचे दावे शास्त्रीय कसोटीस उतरलेले नाहीत.

प्रतिमाचित्रणाचा खरा उपयोग मनोविकाराचे रूप घेऊन येणारा मेंदूचा आजार ओळखण्यासाठी होतो. ललाटखंडातील अर्बुद कित्येकदा केवळ औदासीन्य व स्वभावबदल यांतून प्रकट होते. वृद्धांत किरकोळ मार लागून कवटीखाली हळूहळू साठलेले रक्त बुद्धिमांद्य भासविते. भारतात पट्टकृमीच्या डिंभांच्या गाठी व क्षयजन्य विकारही ध्यानात ठेवावे लागतात. उतारवयात प्रथमच उद्भवलेला भ्रम, झटके, जाणिवेतील चढउतार, डोक्यास मार किंवा अंगाचा एखादा भाग लुळा पडणे अशा लक्षणांत तपासणी अगत्याची ठरते. स्मृतिभ्रंशाचे प्रकार ओळखण्यासही तिची मदत होते. याउलट थायरॉइडची न्यूनता वा ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव यांसाठी प्रथम रक्त तपासावे लागते.

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) यांसारख्या गावांतील कुटुंबांना हा भेद कळणे विशेष निकडीचे आहे. परिसरास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे; परंतु ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. मजुरी बुडवून, उसनवारी करून ‘मेंदूचा फोटो’ काढावा आणि तो निर्दोष निघाल्यावर ‘आजार नाहीच, हे सोंग किंवा भानामती’ असे घरच्यांनी समजावे, यात रुग्णाची दुहेरी हानी होते. निर्दोष प्रतिमेने मनोविकार नाकारला जात नाही. ऊसतोडीसाठी हंगामभर परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांत तर अनावश्यक तपासणीपेक्षा औषध खंडित न होण्यावर पैसा व श्रम खर्चिणे अधिक हितावह होय.

भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 अन्वये मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसार ठरवावयाचा असतो. त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाचा समावेश आहे. 2022 पासून अंमलात आलेल्या या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही छिन्नमानसाचे निदान लक्षणे व त्यांचा कालावधी यांवरच आधारलेले आहे.