आधी जंगल कोणाचं ते ठरवा

कृषी सहाय्यक म्हणून माझी नोकरी अचलपूर तालुक्यात गेली, आणि तिचा मोठा भाग समतल चर खोदून घेण्यात. उताराला आडवा, दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल. माती खालच्या अंगाला. धावतं पाणी तिथं थांबतं, मुरतं, पायथ्याच्या विहिरीला उशिरापर्यंत पुरतं. तरी बहुतेक चर काही पावसाळ्यांत गाळानं बुजतात. बिल निघालं की तिकडे बघतो कोण?

आणि पाऊस तर बिघडत चाललाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. उघड्या डोंगरावर असा पाऊस पडला की माती घेऊनच उतरतो.

मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या पायथ्याशी पायविहीर आहे. 2012 साली या गावाला वनहक्क कायद्याखाली 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसलं, उजाड डोंगर आणि रायमुनिया, म्हणजे घाणेरी. ही परदेशी झुडुपं बागेच्या शोभेसाठी आणली, आता खाली गवताची काडी उगवू देत नाहीत आणि उन्हाळ्यात भडभडा पेटतात. नुसती छाटली तर दुप्पट फुटतात. फळं धरायच्या आत मुळाच्या गाठीसकट उपटावी लागतात. शिवाय पाखरं बी आणून टाकतातच, म्हणजे पुढची कित्येक वर्षं तेच काम. एवढी चिकाटी ठेकेदाराकडून होत नाही. पायविहीरनं रोजगार हमीतून मजुरी मिळवली, चर खोदले, रोपं लावली, चराई आणि कुऱ्हाडीवर स्वतःच बंधन घातलं.

मला खरा हुशारीचा भाग वाटतो तो सीताफळाचा. पानांना गुरं, शेळ्या तोंड लावत नाहीत, उन्हाळा झाड पानं गाळून काढतं, आणि ऑक्टोबरच्या सुमारास, खरिपानं दगा दिला तरी, हातात पैसा येतो. ज्या डोंगरावर आपलं फळ पिकतं तिथला वणवा विझवायला माणूस रात्रीही धावतो. गवत गावाजवळ मिळालं तर गुरं वाघाच्या रानात घुसवावी लागत नाहीत, हाही फायदाच. 2014 साली गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

हवामान बदलाच्या बैठकांत मात्र अजून रोपांचा आकडाच विचारतात. मी म्हणतो, आधी हक्काचं विचारा. तुमच्या शिवाराला जंगल लागून असेल, तर येत्या ग्रामसभेत सामूहिक दाव्याचा विषय काढा. दावा गावच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. ग्रामसभेच्या ठरावानंतर तो उपविभागीय आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो.