ऋण हें उधळेपणाचें फळ काय?

लग्नसराई आली कीं एक उपदेश ठरलेला असतो: कुणब्यानें लग्नांत उधळपट्टी करूं नये, म्हणजे तो कर्जांत बुडणार नाहीं. हा उपदेश आम्हींहि या स्तंभांतून केला आहे, व लग्नांतील डामडौल आम्हांस आजहि त्याज्यच वाटतो. परंतु उपदेश योग्य असला म्हणून निदानहि बरोबर असतें असें नाहीं.

१८७५ सालच्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली, आणि तें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरून ठिकठिकाणीं कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्याच्या चौकशीस सरकारनें नेमलेलें कमिशन कांहीं रयतेचें कैवारी नव्हतें. तथापि लग्नखर्चास कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें, आणि धान्य, बीं, बैल व सरकारी सारा यांकरितां वारंवार काढलेल्या लहान लहान रकमाच देणें फुगवितात, असें त्यासहि नमूद करावें लागलें. दीडशें वर्षें होत आलीं, तरी तें वाक्य कोणी वाचलेलें दिसत नाहीं.

कायद्यानेंहि या कामीं हात लावला तो विपरीतच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणिली. हेतु ऋणकोच्या बचावाचा. झालें असें कीं, दर तीन वर्षांनीं सावकार व्याज मुद्दलांत घालून नवा रोखा लिहून घेऊं लागला. मुद्दलाहून अधिक व्याज एके वेळीं मागतां येऊं नये हा दामदुपटीचा जुना निर्बंध अशा रोख्यापुढें लुळा पडला, कारण कालचें व्याजच आजचें मुद्दल झालें! रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस १८७९ च्या कायद्यानें मिळाला, तोंवर पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या.

फिर्यादीच्या कागदांत रक्कम असते, तारीख असते, साक्षीदार असतात. कर्ज काढतेवेळीं ऋणकोच्या घरीं किती तोंडें होतीं व कमावते हात किती, हें मात्र नसतें. नेमकी तीच गोष्ट सीबोम राउंट्री यानें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं पाहिली. हा कोकोच्या कारखानदाराचा मुलगा. त्यानें १८९९ सालीं कामकरी वर्गाच्या ११,५६० कुटुंबांची, म्हणजे ४६,७५४ माणसांची, घरोघर चौकशी करविली व १९०१ सालीं ग्रंथ छापला. शहराच्या एकंदर वस्तीपैकीं शेंकडा २७.८४ माणसें दारिद्र्यांत आढळलीं. पण आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें तें त्याचें दुसरें निरीक्षण: मजुराच्या आयुष्यांत तंगी व बरकत पाळीपाळीनें येतात. बाळपणीं तंगी, स्वतः व भावंडें कमावूं लागलीं कीं थोडी बरकत, लग्न होऊन दोन-तीन मुलें झालीं कीं पुन्हां तंगी, मुलें कामास लागून घरीं राहत तोंवर दुसरी बरकत, आणि म्हातारपणीं शेवटची तंगी. स्त्रियांना मुलें होण्याचा काळ बहुतेक तंगींतच पडतो, हेंहि त्यानें दाखविलें. म्हणजे आईच्या पोटास कमी तेव्हांच बाळाचें पोट भरावयाचें!

आमच्याकडे या फेऱ्यांत जमिनीच्या वांटणीची भर पडते. पुण्याचे कृषिशास्त्रज्ञ हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ सालीं जेथें सरासरी धारण ४० एकर होती तेथें ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. बाप थकण्याचा, भाऊ वेगळे होण्याचा व पोरें लहान असण्याचा काळ घरोघर एकच. रोखा लिहिला जातो तो त्याच काळांत.

हें जुनें पुराण नव्हे. २०१९ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबांपैकीं शेंकडा ५०.२ कर्जदार निघालीं. सरासरी देणें दर कुटुंबीं ७४,१२१ रुपये. पीककर्जाची मर्यादा एकर व पीक पाहून ठरते. किसान कार्डांत घरखर्चाकरितां शेंकडा १० ची सोय आहे खरी, पण तीहि पीकखर्चाच्याच रकमेवर मोजतात, तोंडांवर नव्हे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनांत केंद्र सरकारचा वांटा साठी ओलांडलेल्यास महिना २०० रुपये! राज्य त्यांत भर घालतें हें मान्य, परंतु २०० रुपयांत औषधाची एक चिठ्ठी तरी निभावते काय, हें वाचकांनींच सांगावें.

आमचे पुष्कळ वाचक पेढीवर बसणारे आहेत. त्यांस आम्ही धर्मोपदेश करीत नाहीं, व्यवहारच सांगतों. ज्याचीं पोरें पांच वर्षांनीं हाताशीं येणार त्याचा हप्ता आज जड ठेवाल तर तो थकणारच. आज हलका व पुढें जड ठेवाल तर कदाचित् रक्कमहि येईल आणि जमीनहि त्याची त्याला राहील. गांवोगांवच्या सेवा सोसायट्यांनीं तर कर्जाच्या अर्जांत एक रकाना आजच वाढवावा: घरांत माणसें किती, त्यांचीं वयें काय, कमावतीं किती. हप्ते त्या रकान्याकडे पाहून बांधावे. यास नवा कायदा लागत नाहीं. संचालकांचा एक ठराव पुरे. वार्षिक सभांचे दिवस आले कीं हा ठराव कोणती सोसायटी प्रथम आणते तें आम्ही पाहणार आहों, व तिचें नांव याच स्तंभांत छापूं.