आखाडातला रविवार

पहाटे 4:30
पुरंदर तालुक्यातली एक वाडी. रात्रभर भुरभुर चालू आहे. अक्का पत्र्याच्या शेडात चूल पेटवतात. लाकूड ओलं, धूरच जास्त. पलीकडे पोत्याच्या आडोशाला डालग्यांखाली अकरा कोंबडे. काल रात्री नऊला धरलेले. अंधारात कोंबडा बसल्या जागी हाताला लागतो. दिवसा धावून धरला तर घाबरतो, पंख मोडून घेतो. काल दिवेलागणीपासून त्यांना दाणा नाही. पाणी मात्र समोर आहे.

5:30
चाचा येतात. गावचे मुलाणी, काम पिढीजात. कोंबड्यामागे चाळीस रुपये. सुरी फडक्यात गुंडाळलेली. धार घरूनच लावून आणतात. जनावरासमोर सुरी घासायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक.

भिंतीला पत्र्याचे दोन शंकू ठोकलेत, तेलाच्या डब्यातून कापून केलेले. कोंबडा उलटा आत सोडला की डोकं खालून बाहेर येतं, पंख आवळले जातात, फडफड होत नाही. चाचा अल्लाचं नाव घेतात. जबड्याखाली एकच घाव, दोन्ही बाजूंच्या शिरा. दुसरा घालावा लागला तर त्या कोंबड्याचे पैसे ते घेत नाहीत. रक्त निथळायला दोन-तीन मिनिटं जातात. अक्कांचा पोरगा पातेलं ओढतो. "थांब रे," चाचा म्हणतात, "अजून जीव आहे त्यात."

6:15
उकळतं आणि गार पाणी निम्मं-निम्मं. साधारण साठ अंश. जास्त तापलं तर कातडी फाटते, कमी पडलं तर पिसं निघत नाहीत. मिनिटभर बुडवून पंखातलं मोठं पीस ओढून बघायचं. अलगद आलं की बाहेर. मग जाळावर कातडी भाजायची, हळद चोळायची. अक्कांच्या बोटांची टोकं कायम पिवळी.

7:00
खुराडी उघडतात. शंभरेक पाखरं परड्यात पसरतात. मक्याचा भरडा, तांदळाच्या कण्या. बाकी किडे-मुंग्या त्यांचे ते शोधतात. आत तूस ओलं झालंय. ते उलथून वर चुना भुरभुरायचा. पावसाळ्यात हे चुकलं की पिल्लांना रक्ती हगवण लागते.

8:30
गिऱ्हाइकं येतात. भाव जिवंत वजनावर, चारशे रुपये किलो. दोन किलोचा कोंबडा साफ केल्यावर सव्वा-दीड किलोच्या मध्ये भरतो. कलेजी-पेटा त्यातच. "मावशी, ब्रॉयलर निम्म्यातसुद्धा मिळतो," एक जण म्हणतो. अक्का हो म्हणतात. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो, हा पाच महिने खातो. एवढंच सांगून पिशवी पुढे करतात.

11:00
हडपसरहून मोटरसायकलवर दोघं. न सांगता आलेले. परड्यातला तांबडा तुरेवाला त्यांना पसंत पडतो. पण त्याचं पोट भरलंय. कापताना गळ्यातली पिशवी फुटली तर दाणा मटणाला लागतो, घाण होते. "आज नाही जमायचं भाऊ, उद्या या." ते पन्नास रुपये जास्त देऊ करतात. अक्का नाही म्हणतात. मोटरसायकल वळते. आठशे रुपये गेले.

दुपारी 1:00
आतडी जुन्या पातेल्यात उकळायची. कच्ची टाकली तर कोंबड्याच टोचायला येतात आणि रोग फिरतो. शिजवलेलं वस्तीवरच्या तीन कुत्र्यांना. पिसं आणि रक्त शेणाबरोबर खड्ड्यात, वर माती. वर्षाने ते खत वांग्याला जातं.

4:30
खुडूक कोंबडी एकविसाव्या दिवशी उठली होती. तिची नऊ पिल्लं आता सात दिवसांची झालीत. त्यांना लासोटा द्यायची. लस बर्फातून आणलेली. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब. ही मानमोडीची लस. तालुक्यात शंभर डोसांचीच कुपी मिळते. नऊ पिल्लांना नऊ थेंब, मग शेजारच्या दोन घरांतली पिल्लं. तरी उरतं ते उकळून टाकून द्यायचं.

6:45
पाखरं आपणहून परततात. अक्का मोजून घेतात. एक तलंग कमी. बांधावर पिसं सापडतात. मुंगूस.

रात्री 9:00
वहीत हिशेब. अकरा कोंबडे, साडेएकोणीस किलो, 7,800. चाचांचे 440. खाद्याचं पोतं 2,200. आज विकलेल्यांनी पाच महिने खाल्लेलं आधीच्या पानांवर आहे. पोरगा विचारतो, "आई, तुझी हजेरी कुठं लिहिलीय?" खुरपायला गेल्या असत्या तर तीनशे मिळाले असते. अक्का वही मिटतात. आखाड संपला की श्रावण. महिनाभर मागणी नाही, खाद्य मात्र रोज.

गावरान घ्यायचा असेल तर आदल्या दिवशी अंधार पडायच्या आत फोन करा. कोंबड्याला रात्रभर उपाशी ठेवावं लागतं.