दुर्बीण निवडताना आकड्यांचा अर्थ

पक्षिनिरीक्षणासाठी खिशात मावणारी दुर्बीण घेताना बहुतेकजण 'किती पट मोठे दिसते?' एवढेच विचारतात. मात्र दुर्बिणीवरील ८ × २५ या खुणेतील दोन्ही आकडे महत्त्वाचे असतात. पहिला वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ × २५ मध्ये ती सुमारे ३ मिलिमीटर, १२ × २५ मध्ये जेमतेम २. लख्ख उन्हात डोळ्याची बाहुली आकसलेली असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु पहाटे, कर्नाळ्याच्या दाट झाडीत बाहुली विस्फारते, तेव्हा १२ पटींच्या दुर्बिणीत पाखरू अंधूक दिसते. हाताचा कंपही तितकाच वाढतो. म्हणून ८ पट पुरेशी. नेहमी मंद प्रकाशातच पाहणाऱ्यांनी थोडे अधिक वजन सोसून ८ × ४२ घ्यावी.

चष्मा असणाऱ्यांनी तो न काढता पूर्ण वर्तुळ दिसते का, हे दुकानातच पाहावे. पावसाळी भटकंतीसाठी जलरोधक बांधणी हवी; ओलाव्याने भिंगांना बुरशी लागते. सूर्याकडे मात्र दुर्बिणीतून कधीही पाहू नये. दृष्टी कायमची गमावण्याचा धोका असतो.