सिनेमा जोडणारे वामन भोसले

सारंगखेड्याची यात्रा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मी लहान असताना तिथे तंबूत सिनेमा लागायचा. मध्येच रीळ तुटायचे, अंधार व्हायचा आणि आमच्या शिट्ट्या सुरू! ऑपरेटरकाका फीत जोडून खेळ पुढे चालू करायचे. सकाळी आम्ही तंबूमागे फितीचे तुकडे शोधायचो. एका तुकड्यात चार-पाच चित्रे, तीही सारखीच. मला वाटे, ही कशी हलणार?

गंमत अशी, की फितीवरची 24 चित्रे एका सेकंदात पुढे सरकतात, म्हणून माणसे चालताना दिसतात. तीन तासांच्या सिनेमाची फीत भरे सुमारे 16 हजार फूट, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर! प्रत्यक्ष चित्रीकरण तर याहून कितीतरी जास्त आणि उलटसुलट क्रमाने होते. त्यातले नको ते काढून, हवे ते जोडून सलग गोष्ट तयार करणारा माणूस म्हणजे संकलक. आज हे काम संगणकावर होतं, तेव्हा ते हातानेच चाले.

असेच एक थोर संकलक वामन भोसले. त्यांचा जन्म 1932 साली गोव्यातल्या पोंबुर्फा गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. 1952 साली ते कामासाठी मुंबईला आले. बॉम्बे टॉकीजमध्ये संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकले. पुढे फिल्मिस्तान स्टुडिओत ते बारा वर्षे सहायक होते. बारा वर्षे! पहिलीतले मूल बारावी होईल एवढा काळ. मग राज खोसला यांनी त्यांना 'दो रास्ते' (1969) दिला. त्यानंतर 'मेरा गाँव मेरा देश', 'आंधी', 'कर्ज', 'हीरो', 'गुलाम' असे दोनशेहून अधिक चित्रपट झाले. त्यातले कितीतरी त्यांनी मित्र गुरुदत्त शिराळी यांच्या जोडीने केले. 'सौदागर'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 2021 साली ते आपल्यातून गेले.

1977 च्या 'इन्कार'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात गुंड कारखानदाराचा मुलगा समजून नोकराच्या मुलाला पळवतात. आता दुसऱ्याच्या लेकरासाठी मालक पैसे देईल का? अशा वेळी मालकाचा चेहरा किती वेळ दाखवायचा आणि नोकराचा कधी, हे संकलक ठरवतो. दोन सेकंद चुकले तरी आपला श्वास रोखला जात नाही.

एक कबुली देतो. वर्गातल्या एका मुलाने यात्रेवर तीन पानी निबंध लिहिला. मी लाल पेनाने तो एका पानाचा केला. वही बघून त्याचे डोळे भरले. म्हणाला, "सर, माझा घोडा तर तुम्ही खोडलाच!" खरंच, त्याने पहिल्यांदा घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, ते वाक्य मी काढले होते. राहिली होती नुसती दुकानांची यादी. दुसऱ्या दिवशी यादी गेली, घोडा परत आला. संकलन म्हणजे एकत्र जोडणं, हे त्या दिवशी मला कळलं.

आता तुम्ही एक करा. तुमचा एखादा निबंध घ्या आणि तीन ओळी कमी करा. पण आधी तुमचा घोडा कोणता, ते शोधा हं! आणि सिनेमा सुरू होताना 'संकलन' या शब्दापुढचे नाव जरूर वाचा.