जुना संगणक सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते पाहा

घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. दुरुस्तीला नेल्यावर अनेकदा दोनपैकी एक उत्तर ऐकू येते : ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिल्या उत्तराने चांगला संगणक भंगारात जातो. दुसऱ्याने त्यातले लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब किंवा सोसायटीची कागदपत्रे पुसली जाऊ शकतात. म्हणून यातले काहीही मान्य करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे : संगणक नेमका कोणत्या पायरीवर अडतो?

कारण संगणक सुरू होतो तो पायरीपायरीने. बटण दाबले की एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. मग प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमधला ‘बायोस’ हा छोटा प्रोग्राम चालवतो. बायोस रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड तपासतो, त्यानंतर हार्ड डिस्क शोधतो आणि शेवटी विंडोजला हाक मारतो. आधीची पायरी पार पडल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. त्यामुळे गाडी कुठे थांबली हे कळले, की दोष कुठे असावा याचा अंदाज येतो.

पंखाही फिरत नाही

दोष विजेच्या वाटेत असण्याची शक्यता अधिक. भिंतीवरचे बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, कॅबिनेटच्या मागची पिन आणि तिथला छोटा स्विच तपासावा. मग पिन काढून पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरावे, पिन पुन्हा लावावी आणि संगणक चालू करून पाहावा. तरीही हालचाल नसेल तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. पण तो डबा घरी कधीच उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. डबाच बदलून घेणे हा सुरक्षित उपाय.

पंखा फिरतो, पडदा काळा

आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, हे पाहावे. नंतर पाळी रॅमची. धूळ आणि दमट हवा यांमुळे तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क तुटतो. वीज पूर्ण बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. रॅम काढून पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवावा, कण पुसावेत आणि दोन्ही बाजूंचे चाप लागेपर्यंत ती परत बसवावी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. ‘बीप’ ऐकू आल्यास ते मोजून ठेवावेत. बीपचा अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतो. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र काम तंत्रज्ञाचेच. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांवर हा दोष विशेष आढळतो.

अक्षरे दिसतात, विंडोज येत नाही

तारीख एकदम जुन्या वर्षाची दिसते किंवा ‘एफ१ दाबा’ असा संदेश रोज येतो? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला असावा. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच जपतो. सेटिंग मूळपदावर गेल्याने काही वेळा हार्ड डिस्क ठीक असूनही संगणकाला सापडत नाही. सेल बदलून तारीख आणि सेटिंग पुन्हा द्यावी लागते. जुना सेल टेबलावर पडू देऊ नये. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. अशी शंका आली तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.

डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. मग डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा बसवाव्यात. डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा ठरावीक आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करण्याने बिघडलेला भाग चकतीला ओरखडे पाडू शकतो आणि वाचू शकणारी माहितीही जाते. अशी डिस्क थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी.

फॉरमॅटच्या आधी

विंडोज बिघडले म्हणजे माहिती गेली, असे नाही. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि फायली उतरवून घेता येतात. म्हणून दुरुस्तीला देताना ‘आधी माहिती काढून द्या, मगच फॉरमॅट करा’ हे स्पष्ट सांगावे, शक्य तर पावतीवर लिहून घ्यावे. सोबत लक्षणेही सांगावीत : पंखा फिरतो का, बीप किती, पडद्यावर नेमके कोणते शब्द. संदेशाचा फोटो मोबाइलवर काढून दाखवला तर आणखी चांगले.

संगणक पुन्हा सुरू झाला, तर त्याच दिवशी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. जुन्या यंत्रावर विंडोज १० असेल, तर त्याचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. हिशेब आणि लेखनासाठी ते चालेल. बँकेचे व्यवहार मात्र सुरक्षा अपडेट मिळणाऱ्या यंत्रावरच करावेत.