पडून राहण्याची जागा

भिवंडीजवळच्या अंजूरफाट्यावरून मानकोलीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकच शब्द दिसत राहतो. पत्र्यावर, भिंतीवर, विजेच्या खांबाला बांधलेल्या फळीवर, सगळीकडे 'गोडाऊन भाड्याने देणे आहे'. वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं एके काळी भाताची. आज तिथं 'शेत कुठं आहे?' असं विचारलं, तर गोडाऊनच्या नंबरावरून खूण सांगतात.

एका गाळ्यात बिलं करणारा तरुण मला म्हणाला, "सर, इंग्रजीच शब्द आहे ना? गो डाऊन. माल खाली उतरवतात म्हणून." चूक मोठी गोड आहे आणि ती त्याची एकट्याची नाही. परका शब्द कानाला ओळखीचा वाटेपर्यंत घासत राहायचा, हा सगळ्याच भाषांचा स्वभाव. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानी इंग्रजीतल्या अशा शब्दांचा जाडजूड कोश केला. तो १८८६ साली छापून आला. त्याचं नावच मुळी 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांच्या तोंडी जे झालं, ते हे नाव. 'गोडाऊन'ची नोंद त्या कोशात आहे आणि तिच्यात खाली उतरण्याचा काही संबंध नाही.

इंग्रजांच्या हाती हा शब्द पूर्वेकडच्या बंदरांतून आला. मलय भाषेत तो 'गदोंग' किंवा 'गुदांग', पोर्तुगिजांच्या तोंडी 'गुदांव'. यूल-बर्नेल यांचा कल असा, की मलय लोकांनीही तो दक्षिण हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांकडून उचलला असावा. तेलुगूत 'गिड्डंगि' आहे, तमिळमध्ये 'किडंगु'. त्या किडंगुच्या मुळाशी 'किड' हे क्रियापद आहे, म्हणजे पडून राहणं. माल पडून राहतो ती जागा, एवढाच सरळ अर्थ. तो वाचला तेव्हा मी थबकलो. भिवंडीचा कापडवाला मंदीत हेच तर म्हणतो: "माल पडून आहे."

आपल्याकडे हा शब्द दोन दारांनी शिरला. चावी, पगार, घमेलं, पिंप यांच्या वाटेनं, पोर्तुगीज उच्चाराच्या जवळचं 'गुदाम' आलं. सरकारी कागदावर त्याचंच 'गोदाम' झालं. इंग्रजांकडून 'गोडाऊन' आलं. आधीचे आपले शब्द होतेच. धान्याला कोठार, कणगी, पेव. टोपीकरांच्या व्यापाराला वखार: सुरतेची वखार, राजापूरची वखार. १९५७ साली महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ स्थापन झालं तेव्हा तो जुना शब्द पुन्हा पाटीवर चढला, पण भिवंडीच्या रस्त्यावर तो उतरला नाही. तिथं जागेला गोडाऊन म्हणतात, तिच्या एका खणाला गाळा, आणि गाळ्यांच्या सगळ्या आवाराला कंपाउंड. हे 'कंपाउंड'सुद्धा बहुधा मलय 'कांपोंग'पासून आलेलं. म्हणजे 'अमुक कंपाउंड, गोडाऊन नंबर चार' असा पत्ता चलनावर लिहिणारा कारकून दोन मलय शब्द मराठीत लिहितो. शेजारच्या कल्याण बंदरातल्या व्यापाऱ्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कोरलेली आहेत. या खाडीला परमुलखाचा माल आणि शब्द नवे नाहीत.

भिवंडीत गोडाऊन वाढली ती मुख्यतः जकातीमुळे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात. खाडीपलीकडच्या ग्रामपंचायतींत ती नव्हती. माल इथं उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. शिवाय मुंबई-नाशिक महामार्ग दाराशी. आगरी शेतकऱ्याच्या भातखाचरात भराव पडला, वर पत्रे चढले, भाडं चौरस फुटावर ठरू लागलं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोडाऊन ओस पडतील असं वाटावं, तर उलटंच झालं. राज्याराज्यांत कराच्या हिशेबानं ठेवलेली लहान गोदामं कंपन्यांना नकोशी झाली आणि एका जागी मोठी हवी झाली. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता येऊन थांबतो भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला.

आता पाट्याही बदलू लागल्या आहेत. 'वेअरहाऊस', 'लॉजिस्टिक पार्क', 'फुलफिलमेंट सेंटर'. तिथं माल पडून राहणं हा गुन्हाच. सकाळी आलेला खोका संध्याकाळी बाहेर. मला विचाराल तर जुना शब्द जास्त खरा आहे. तो निदान मालाची अवस्था सांगतो.

आणि एक गोष्ट या शब्दातून सांडून गेली, तिची मला फार टोचणी आहे. १५११ साली पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कनं मलय मुलखातलं मलाक्का बंदर जिंकलं. तिथले व्यापारी आपला माल दगडी, निम्म्या जमिनीखालच्या गुदामांत ठेवत, कारण शहर लाकडाचं आणि आगीचं भय सततचं. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज बखरकारांनी हे टिपून ठेवलंय. गुदाम म्हणजे आग पोचणार नाही अशी जागा! आणि आज 'भिवंडीत गोडाऊनला आग' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचतो की पान उलटतो. कापड, प्लास्टिक, पुठ्ठा, रसायनं एकमेकांना खेटून; बंबाला वळायला जागा नाही. परवानगीविना उभ्या राहिलेल्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे आलं. पण आतल्या माणसाला बाहेर पडायला दुसरं दार आहे का, हे पाहणं कुठल्याही नकाशाच्या आधीचं काम आहे.

राहनाळच्या एका गाळ्यात दुपारी दीडला शिरलो. शटर अर्धं वर. आत ग्रे कापडाच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या, पत्रा तापून खाली येणारी खळीचा वास मारणारी गरम हवा. गाठीत रुतवायचे लोखंडी हूक खिळ्याला टांगलेले. चार हमाल लादीवर आडवे झाले होते. एकानं डोक्यावरची चुंबळ उशाला घेतली होती. तिचा फडका मधोमध झिजून काळा पडला होता. मी दबकत मागं फिरलो, तसा तो डोळे न उघडताच म्हणाला, "बसा साहेब. गाडी मानकोलीला अडकलीय. आली की उठू."